हद्दीतला धूर

नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षक वैजयंता टिपरे यांनी धुराचा माग काढणाऱ्या यंत्राची नळी आपल्या जुन्या गुरुजींच्या तोंडाला लावली. गुरुजी खोकले, आणि छातीतल्या धुराच्या कणाकणाचा पत्ता पडद्यावर उमटला: ओढ्यापलीकडचा कारखाना.

“सापडला ना मेला! काढ नोटीस,” गुरुजी धापा टाकत म्हणाले.

“धुराडं हद्दीबाहेर आहे, गुरुजी. आमचा कायदा ओढ्यापाशी संपतो.”

“आणि धूर?”

“तो हद्दीत आला, की आमचा.”

तेवढ्यात यंत्रातून नोटीस बाहेर आली. नाव गुरुजींचंच होतं. बाहेरचा धूर विनापरवाना छातीत साठवल्याबद्दल.

“मोठ्याने वाच,” गुरुजी म्हणाले.

वैजयंताने नोटीस उचलून वाचली. “साठा सात दिवसांत हद्दीबाहेर हलवावा.”

“हलवतो की. स्मशान ओढ्यापलीकडेच आहे.”