मापाच्या वहीतलं पान

"तो फोन दे इकडे, अम्मा," प्रार्थना म्हणाली आणि तिने बटणांचा साधा फोन शिलाई मशिनवर ठेवला.

नागरत्नाने मशिन थांबवलं नाही. अर्ध्या अग्रहार वस्तीतल्या बायका तिच्या हातचे ब्लाउज घालतात, ती असल्या दटावणीला भीक घालते होय! मांडीवरच्या मोबाइलमध्ये कुणी अनोळखी बाई वांगीभात परतत होती.

तशी लेकीची तक्रार खोटी नव्हती. नवरा गेल्यापासून नागरत्नाचा हात मोबाइलवरून हलत नव्हता. कुठली कोण माणसं भांडतात, नाचतात, भाज्या चिरतात, आणि ही आपली बघत बसते. मागे एकदा तर एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. मग मात्र प्रार्थनाने तिला समुपदेशक बाईंकडे नेलंच. त्या म्हणाल्या, आठ दिवस लिहून ठेवा. फोन कधी घेतला, आणि त्याच्या जरा आधी काय झालं. पुढचं लेकीने परस्पर ठरवून टाकलं. आठ दिवस झाले की हा फोन बंद.

"लिहिलंस तरी का?"

"लिहिलं की. सुटत नाही माझ्याच्यानं, तेही कबूल. पण आधी वाच, मग ने."

नागरत्नाने मापाची वही उघडून दिली आणि पानाच्या मध्यावर बोट ठेवलं. प्रार्थना तिथूनच मोठ्याने वाचू लागली.

"सोमवार, साडेसहा. हेब्बाळहून कंपनीच्या बसने घरी आली. कानात वायर. चहा तीनदा विचारला. मग मी फोन घेतला. मंगळवार, नऊ. जेवताना ह्यांची आठवण सांगत होते. 'हं' म्हणाली, मान वर नाही. फोन घेतला. बुधवार, दार लावून खोलीत एकटीच हसत होती..."

तिचा आवाज खाली आला. गुरुवारचं तिने मनातच वाचलं. करंट गेला, नेटवर्कही नाही. दोघी पायरीवर बसून तासभर सुम्ने, उगाच आपलं, बोललो, काहीबाही. फोन आठवलाही नाही.

प्रार्थनाला रडू येईलसं वाटलं. तेवढ्यात तिच्या पर्समध्ये काहीतरी थरथरलं. वही डाव्या हातात तशीच राहिली, उजवा हात पर्समध्ये गेला.

नागरत्नाने मशिन थांबवलं. अंबाड्यातली पेन्सिल काढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, लेकीच्या हातातली वही घेतली आणि वेळ लिहिली.

तेव्हा कुठे प्रार्थनाला पानाच्या माथ्यावरचं नाव दिसलं. गिऱ्हाइकांची नावं लिहावीत तशा ठळक अक्षरांत लिहिलेलं.

"इथे माझं नाव का?"

"ज्याचं माप, त्याच्या नावाचं पान. तीस वर्षं असंच लिहिते मी," नागरत्ना म्हणाली आणि बटणांचा फोन तिने लेकीपुढे सरकवला.