कोपरापर्यंत पाणी

रोप पुन्हा तरंगत वर आलं. ताईने डाव्या हातातला लांब चिमटा टाकीच्या काठावर आपटला.

धाकटा भाऊ बादली घेऊन मागेच उभा होता. "मी बोट धरू का मुळाशी? नुसतं एक बोट."

"स्वतःची टाकी आण आणि तिच्यात हवी तेवढी बोटं घाल," ताई म्हणाली.

भावजयीला हसू आलं. तिने तोंड फिरवून ते लपवलं.

टाकी होतीच तशी, भांडायला लावणारी. दुकानात भावाने काचेचा गोल वाडगा पसंत केला होता. दोन मासे, प्लॅस्टिकचं एक झाड, झालं काम. आजारातून उठलेल्या माणसाला विरंगुळा म्हणून तेवढं पुष्कळ, असं त्याचं मत. ताई मात्र काठी टेकत थेट मागच्या भिंतीपाशी गेली आणि माणूस आडवा झोपेल एवढ्या टाकीसमोर उभी राहिली. "ही. आणि झाडं खरी." झाडं मी येऊन लावून देतो, असं दुकानदार म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गुपचूप काच पुसायला लागला.

आता ती टाकी तिच्या खोलीत भक्कम मेजावर बसली होती. मागे उंच, पुढे उतरती अशी माती पसरून वर बारीक वाळू घातलेली. मधे भिजवून जड केलेला ओंडका. तळाला चार बोटं पाणी. उंच स्टुलावर बसलं की टाकीचा काठ ताईच्या काखेशी यायचा. इथवर सगळं मनासारखं झालं होतं. अडलं होतं ते रोपांपाशी. चिमट्याने मूळ वाळूत खोचता यायचं, पण चिमटा काढताना रोपही त्याच्याबरोबर निघायचं. ते दाबून धरायला दुसरा हात हवा. आणि ताईचा उजवा हात, अर्धांगाचा झटका आल्यापासून, मांडीवर पडून होता. आगंतुक पाहुण्यासारखा. ना कामाचा, ना जाणारा.

"नुसता बसून खातोस," ती त्या हातावरच खेकसली. डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, उचललं आणि काठावरून आत सोडून दिलं.

हात वाळूवर आदळला. बोटं पाण्यात पडून राहिली. पण करंगळी किंचित वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

ताई त्या करंगळीकडे बघत राहिली.

"पाणी ओत," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच? अजून एकही रोप धड बसलेलं नाही."

"ओत म्हणते ना."

वाळू उडू नये म्हणून भावाने तळाशी बशी ठेवली आणि तिच्यावर बारीक धार धरली. एक बादली संपली. भावजयीने दुसरी आणून दिली, मग तिसरी, मग मोजणंच सुटलं. पाणी मनगटावर आलं, हळूहळू कोपराला लागलं. तळावरून पंजा सुटला. हात पाण्यात आडवा झाला, कुणी न उचलता.



ताईने डाव्या हाताने चिमट्यात रोप धरलं आणि मूळ वाळूत खोचलं. मग तिने खालचा ओठ दातांत धरला. उजवा हात थरथरत सरकू लागला. ओंडक्याला अडला. मागे आला. पुन्हा निघाला. अंगठा मुळाच्या बाजूला पडला, तिने तो परत घेतला आणि नेमका मुळावर टेकवला.

"येतोय गं, ताई, येतोय..."

"गप्प बस!"

तिने चिमटा उघडला आणि बाहेर काढला. पान हललं. रोप जागेवरच राहिलं.

"वन्सं!" भावजय किंचाळलीच. भावाच्या हातातली बादली कलंडली आणि पाणी त्याच्या पायांवरून पलंगाखाली गेलं. पुसायला कुणी वाकलं नाही.

"उभे काय राहिलात?" ताई म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "पुढचं रोप द्या."

दुपार कलली तेव्हा मागची सगळी बाजू हिरवी झाली होती. ओळ वाकडी होती. एका ठिकाणी दाटी, दुसरीकडे टक्कल. भावजयीने टाकीवरचा दिवा लावला. फितीसारखी लांब पानं उजेडात उभी राहिली आणि सगळी मिळून सावकाश डुलायला लागली, डावीकडे, मग उजवीकडे.

"पाणी फिरवायची मोटर चालू केलीस का?" भावाने बायकोला विचारलं.

"नाही हो. मोटर अजून खोक्यात आहे."

दोघांनी वळून पाहिलं. ताई डोळे मिटून स्टुलावर बसली होती, उजवी बाही खांद्यापर्यंत ओली, हात अजून पाण्यात, सावकाश इकडून तिकडे जाणारा.