मोळी आणि एलईडी

नर्मदाने व्हॅनच्या हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून लख्ख केल्या, नवे हॅलोजन आणले; तोवर धाकट्या भावाने बोईसरहून एलईडी आणून बसवलेसुद्धा! "ताई, सगळेच डोळ्यांवर लाइट मारतात, आपण बी मारायचं," जितेश म्हणाला. "आपल्याला दिसल्याशी मतलब." अंधार पडल्यावर नर्मदाने लाकडांची मोळी त्याच्या डोक्यावर दिली. "रस्त्याच्या कडेनं गाडीसमोरून चालत ये. आलास, तर ठेवते तुझे एलईडी." तिने दिवे लावले. पांढरा झोत डोळ्यांत घुसला. दोन्ही हात मोळीला. डोळ्यांवर आडवा धरायला हात कुठून आणणार? पाय चुकला आणि जितेश मोळीसकट चरात पडला. "बंद कर गं ताई! कायच दिसत नाय!" नर्मदाने दिवे तसेच ठेवले. "आपली आई रोज याच वेळी, याच कडेनं मोळी घेऊन येते. ती कोणाकोणाला सांगणार, बंद कर म्हणून?"