कोरड्या जमिनीचा पंचनामा

तलाठ्यानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेन भिमाजीच्या हातात दिलं. पंचनामा घरूनच लिहून आणलेला होता. जमीन कोरडी, पडीक. दलदल नाही. झाडे मृत.

"करा सही, आबा. आम्हाला अजून टाकव्याला जायचंय."

भिमाजीनं राईकडं बघितलं. फाल्गुनात वाळुंजाची झाडं पार बोडकी झाली होती. खाली पाचोळ्याचा थर. रस्त्यावरून बघणाऱ्याला जमीन कोरडीच वाटली असती. ही राई राखीव करा, असा अर्ज त्याच्या बायकोनं, अंबूबाईनं केला होता. कार्तिकात ती गेली. आता ही सही झाली की अर्ज बाद.

"दाजी, कशाला अडून बसलाय?" मेहुणा बजरंग म्हणाला. राईलगतचं रान तो लोणावळ्याच्या बंगलेवाल्याला विकायला निघाला होता. "आक्का गेली, संपलं. तिच्यापायी आमचं बी वाटोळं करता का?"

"तिचं नाव काढू नगं." भिमाजीनं कागद बंडीत घातला. "सही करतो. पर जाग्यावर चला."

दोघं चडफडत मागं आले. भिमाजी काठी टेकत, मुळं बघून पाय टाकत होता. तलाठी पाचोळ्यावरून सरळ निघाला आणि मांडीपर्यंत आत गेला. त्याला ओढायला गेलेला बजरंगही रुतला. तलाठ्यानं वरची फांदी धरली. ती वाकली, पण मोडली नाही.

"आबा, हात द्या!"

"कोरड्यात हात कशाला, सायेब? या की चालत."

"म्हातारा मारतोय आपल्याला!" बजरंग ओरडला.

भिमाजीनं मुळावर बूड टेकलं आणि कागद-पेन पुढं केलं. "पायाखाली काय हाय ते लिवा. हातात काय हाय ते बी लिवा."

तलाठ्यानं चिखलाच्या हातानं जुन्या ओळी खोडल्या. दलदल आहे, झाडे जिवंत आहेत, असं लिहून सही केली. खाली भिमाजीनं केली. मग त्यानं काठी पुढं धरली.

परत निघाले, तेव्हा बजरंग पेटलेला होता. "मेलात तर खांदा द्यायला येणार न्हाई, सांगून ठिवतो! थेरड्या, बघतोच तुला!"

भिमाजी मुळावरून मुळावर पाय टाकत चालत राहिला. मागून शिव्या चालूच होत्या. पण त्यानं जिथून पाय उचलावा, नेमका तिथंच बजरंगचा पाय पडत होता.