डाव्या खांद्याचा मानकरी

मास्टरांना त्या दिवशी एक भिंत मिळायची होती. संग्रहालयाच्या मोठ्या दालनातली, पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर हातभर अक्षरांत त्यांचं नाव. जन्मभर बाहुल्यांचे कपडे बेतणाऱ्या माणसाला म्हातारपणी याहून मोठा लाभ तो कुठला? बदल्यात फक्त बोलायचं होतं, आणि बोलण्यात मास्टरांनी कधी हात आखडता घेतलेला नव्हता.

दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत बाहुली उभी होती. काळ्या साटीनचा झगा, उजव्या हाताला मनगटापर्यंत बाही, डावा खांदा उघडा. लोक तिला ‘एकखांदी’च म्हणत.

आणि तिच्यामागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिला पाहून शिवलेले झगे. एका गायिकेचा, रंगमंचावरचा. बर्फावर नाचणाऱ्या एका खेळाडूचा. कुण्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा, मेजवानीतला. एका नवरीचा. आणि सगळ्यांच्या शेवटी, खिडकीच्या फुलाफुलांच्या पडद्यातून घरीच शिवलेला एका शाळकरी पोरीचा. त्याचाही डावा खांदा उघडा.

मास्टर बोलायचे थांबले. असं क्वचित घडे.

“एवढे?” ते पुटपुटले.

“हे निवडक,” क्युरेटर म्हणाली. पन्नाशीची, गोड बोलणारी बाई. “सगळे मांडले असते तर इमारत पुरली नसती, मास्टर.”

मास्टर पडद्याच्या झग्यापाशी गेले. शिवण वाकडी होती, टाके मोठे होते. “हिनं बाहुली दुकानाच्या काचेतून पाहिली असणार,” ते म्हणाले. “घेऊन कोण देणार? मग घरातला पडदा कामी आला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

क्युरेटरने टेबलावर रेकॉर्डर ठेवला. मास्टरांचा आवाज पेटीपाशी कायमचा राहायचा होता. येणाऱ्याजाणाऱ्याने बटण दाबायचं, की मास्टर सुरू.

“एकच अडचण आहे,” ती म्हणाली. “एक कुजबुज कानावर येते. म्हणे, बाह्या मुळात दोन्ही हातांना होत्या. डावी कुठेतरी गहाळ झाली आणि बाहुली तशीच बाजारात गेली. तसं असेल तर भिंतीवर नाव कुणाचं घालू? योगायोगाचं?”

मास्टर फणकारले. “योगायोगाला कात्री धरता येते का? एकच बाही ही माझी कल्पना. माझी एकट्याची.”

“म्हणजे डावी बाही बेतलीच नव्हती?”

“बेतली नाही, कापली नाही. बोटभर साटीनसुद्धा तिच्यासाठी निघालं नाही.”

“मग कारखान्यातून कुणी डाव्या बाह्या नेल्या, असं जे म्हणतात...”

“नसलेली वस्तू कोण नेणार हो मॅडम?” मास्टर मोकळेपणाने हसले. “तुम्ही पण ना!”

तीही हसली. मग तिने रेकॉर्डर बंद केला आणि तिचं हसूही बंद झालं.

“माझी आई तुमच्या हाताखाली शिवणकामाला होती, मास्टर. पहिली खेप बोटीवर चढायची होती त्या दिवशी डाव्या बाह्या सापडेनात. बाहुल्या तशाच गेल्या. तुम्ही सगळ्यांसमोर आईची झडती घेतलीत. काही मिळालं नाही, तरी चोर म्हणून तिला हाकललंत. पुढे एकाही कारखान्याने तिला दारात उभं केलं नाही. जन्मभर लोकांच्या पँटींच्या कडा दुमडून शिवत बसली.”

मास्टरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंत अजून कोरी होती.

“पुसून टाकू?” क्युरेटरने विचारलं. “बाह्या होत्या म्हणा, मी पुसते. पण मग कल्पना तुमची नव्हती. दोन्हीकडून नाही घेता येणार.”

मास्टरांनी मनातल्या मनात बराच वेळ मापं घेतली.

“राहू द्या,” ते शेवटी म्हणाले. “फक्त नावात काना-मात्रा चुकवू नका.”

ते गेल्यावर क्युरेटर धावतच जिना उतरली. तिची आई खाली तिकीट-खिडकीपाशी बाकावर बसली होती. लेकीने तिला हाताला धरून वर आणलं, पेटीपाशी उभं केलं आणि रेकॉर्डर कानाशी धरला. या एका वाक्यासाठी तिने इतकी वर्षं बाहुल्यांचा अभ्यास केला होता.

“ऐकलंस? नसलेली वस्तू कोण नेणार! त्याच्याच तोंडून. आता इथे येणारा प्रत्येक माणूस हेच ऐकणार. तुझ्यावरचा डाग गेला, आई.” तिला रडू आवरेना.

म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती झग्यांच्या ओळीपुढून हळूहळू चालली होती. गायिका, खेळाडू, राष्ट्राध्यक्षांची पत्नी, नवरी. पडद्याच्या झग्यापाशी आली आणि तिचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई! हे एवढं सगळं?”

“हो ना. आणि सगळं श्रेय त्या मास्टरला.”

“त्याला कसलं श्रेय? खोटारडा मेला! डाव्या बाह्या होत्या. चांगल्या गठ्ठाभर होत्या. जेवणाच्या डब्यातून रोज थोड्या थोड्या घरी आणल्या मी.”

लेकीचा हात रेकॉर्डरसकट हवेतच राहिला.

“तू वर्षाची व्हायची होतीस. अंगात घालायला धड काही नव्हतं तुला. करंगळीएवढे तुकडे ते, पण जोडून जोडून फ्रॉक शिवला. काय दिसायचीस गं त्यात!”

“पण... डाव्याच का, आई?”

म्हातारीने त्या लांबलचक ओळीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. पार शेवटापर्यंत, डोळे भरून.

“मला डाव्या बाह्यांच्या टेबलावर बसवलं होतं, म्हणून,” ती म्हणाली. “उजव्यांच्या टेबलावर बसवलं असतं, तर या सगळ्या बायांनी उजवा खांदा उघडा टाकला असता.”