दोन चाव्यांचं कपाट

संत्र्यांचे दिल्लीतले व्यापारी गुणवंतरावांच्या ओळखीचे, कलकत्त्यातले नत्थूजींच्या. त्र्याहत्तर साली दोघांची भागीदारी ठरली. व्यापाऱ्यांचे पत्ते ज्याच्या हाती, धंदा त्याचा; म्हणून इतवारी बाजारात जाऊन त्यांनी ऑफिससाठी दोन चाव्या लावल्याशिवाय न उघडणारं लोखंडी कपाट पसंत केलं.

"काहून जी, एकमेकांवर भरोसा नाही का?" दुकानदार हसला.

"भरोसा आहे ना गा! पण जमाना खराब होऊन राहिला," नत्थूजी म्हणाले.

दोघांनी एकमेकांसमोर पत्त्यांचं म्हणून एकेक सीलबंद पाकीट आत ठेवलं आणि एकेक चावी खिशात टाकली. आठवड्याभरात गुणवंतरावांनी नत्थूजींच्या चावीचा साबणावर ठसा घेऊन दुसरी करवली, अन् रविवारी एकट्यानंच कपाट उघडलं.



नत्थूजींच्या पाकिटातही नुसती रद्दीच होती.