पुलाच्या अलीकडे

"काका, तुम्ही घाबरलात का हो?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून तिने पुढे जाऊन खणखणीत आवाजात विचारलं. धो धो पावसात शाळेची बस पुलाच्या अलीकडे उभी होती आणि पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं.

"हो, घाबरलोय," म्हणत ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं. "पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, कुणाला ठाऊक!"

मागे हशा पिकला. एवढ्या झुपकेदार मिश्या आणि घाबरतात! ती मात्र हसायचं विसरली. मोठ्या माणसाने असं बिनदिक्कत कबूल केलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात बसशेजारी ओळखीची मोटारसायकल थांबली. पुढे बाबा, मागे आई, दोघंही चिंब.

"चल गं, बस आमच्या मागे!" बाबा ओरडले. "घोटाभर तर पाणी आहे. दरवर्षी जातो की आपण यातून!"

"ये लवकर, घरी जाऊन अंग तरी कोरडं करू," आई म्हणाली.

बसच्या सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. ती खाली उतरली, मोटारसायकलपाशी गेली आणि तिने किल्ली फिरवून काढूनच घेतली.

बाबा आधी चमकले, मग हसले. "काय गं, आमच्या वाघिणीची आज मांजर झाली की काय?"

"झाली!" सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात ती म्हणाली आणि किल्ली दप्तरात टाकली. "पाणी उतरेपर्यंत तुम्ही दोघं माझ्या ताब्यात. चढा बसमध्ये."